बालेवाडीची दुहेरी : सोळा जोड्यांचे अरुंद दार

टेनिसच्या गुणफलकावर १७-१५ हा आकडा सहसा दिसत नाही. जानेवारी २०१९ मध्ये पुण्याच्या बालेवाडी येथे झालेल्या टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेतील पुरुष दुहेरीच्या उपांत्यपूर्व सामन्यात तो दिसला. रोहन बोपण्णा आणि दिविज शरण या अग्रमानांकित भारतीय जोडीने लिअँडर पेस आणि मेक्सिकोचा मिगेल अँजेल रेयेस-वरेला यांच्यावर ६-७, ६-४, १७-१५ असा विजय मिळवला. उपांत्य फेरीतही तेच घडले. इटलीचा सिमोने बोलेली आणि क्रोएशियाचा इव्हान डोडिग यांना नमविण्यासाठी भारतीय जोडीला ६-३, ३-६, १५-१३ अशी झुंज द्यावी लागली. त्यामानाने अंतिम सामना सोपा गेला. ब्रिटनच्या ल्यूक बॅम्ब्रिज व जॉनी ओमारा या जोडीचा ६-३, ६-४ असा पराभव करून बोपण्णा आणि शरण यांनी जेतेपद पटकावले.

या दोन निसटत्या सामन्यांतील मोजके गुण विरुद्ध बाजूला गेले असते, तर ही जोडी उपांत्यपूर्व किंवा उपांत्य फेरीतच बाद झाली असती आणि तिच्या हाती २५० ऐवजी ४५ किंवा ९० क्रमवारी गुण पडले असते. एटीपी टूरवरील दुहेरीचे आयुष्य असेच कडेलोटाच्या टोकावरून चालते. मात्र ते का, याची माहिती एकेरीच्या बातम्यांमध्ये रमणाऱ्या बहुसंख्य प्रेक्षकांना नसते. पुण्याने या स्पर्धेची पाच पर्वे पाहिली. २०२३ नंतर ती पुण्यातून गेली. त्यामुळे नेमके काय गेले, हे समजण्यासाठी आधी दुहेरीची रचनाच पाहावी लागते.

तिसऱ्या सेटऐवजी दहा गुण

एटीपी टूरवरील दुहेरीत आज जी गुणपद्धती दिसते, तिचा जन्म एका भांडणातून झाला आहे. २००५ च्या सुमारास अनेक स्पर्धांच्या आयोजकांना दुहेरी हा पांढरा हत्ती वाटू लागला होता. सामने किती वेळ चालतील याचा भरवसा नाही, दूरचित्रवाणीवर त्यांना जागा नाही, एकेरीतील नामवंत त्यात उतरत नाहीत आणि तरीही दुहेरीच्या खेळाडूंचा निवासखर्च व बक्षिसे मात्र द्यावी लागतात, अशी ती तक्रार होती. एटीपीने यावर तोडगा म्हणून सेट लहान करण्याचा आणि प्रवेशात एकेरीच्या खेळाडूंना झुकते माप देण्याचा प्रस्ताव आणला. केवळ दुहेरी खेळणाऱ्यांच्या पोटावरच पाय येणार होता. अमेरिकेचे बॉब आणि माइक हे ब्रायन बंधू व त्यांच्यासह इतर अनेक दुहेरीपटूंनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील न्यायालयात एटीपीविरुद्ध दावा दाखल केला.

अखेर तडजोड झाली. सेट सहा गेमचाच राहिला. पण दोन बदल आले. पहिला बदल असा, की गेममध्ये ४०-४० अशी बरोबरी झाल्यावर अॅडव्हांटेज उरला नाही. पुढचा एकच गुण गेमचा निकाल लावतो आणि सर्व्हिस उजव्या बाजूने घ्यायची की डाव्या, हे परतवणारी जोडी ठरवते. दुसरा बदल म्हणजे दोन्ही जोड्यांनी एकेक सेट जिंकल्यास तिसरा सेट खेळला जात नाही. त्याऐवजी सुपर टायब्रेक होतो. जी जोडी आधी दहा गुण मिळवेल ती विजयी, मात्र किमान दोन गुणांची आघाडी हवी. ही आघाडी मिळेपर्यंत खेळ लांबत जातो. बालेवाडीतील १७-१५ चा उगम हाच. ग्रँड स्लॅम स्पर्धांनी पुरुष दुहेरीत ४०-४० नंतरचा अॅडव्हांटेज कायम ठेवला आहे. एटीपी टूरवर मात्र ही आखूड पद्धत रुळली.

या बदलांचा परिणाम दुहेरी बघणाऱ्याला लगेच जाणवतो. सामना साधारण दीड तासाच्या आसपास आटोपतो. त्यामुळे दुपारी एकेरी खेळलेला खेळाडू संध्याकाळी दुहेरीतही उतरण्यास तयार होतो. त्याची दुसरी बाजू अशी, की उत्तम जोडी आणि साधारण जोडी यांतील अंतर कमी होते. तीन पूर्ण सेटच्या सामन्यात चुकांची भरपाई करायला वेळ असतो. दहा गुणांच्या शर्यतीत दोन दुहेरी चुका आणि नेटला लागून पलीकडे पडलेला एखादा चेंडूही पुरतो. नशिबाचा वाटा वाढला, ही जुन्या जाणकारांची तक्रार खोटी नाही. पण दुर्बळ मानल्या गेलेल्या जोडीला संधी मिळते तीही याच कारणामुळे.

प्रवेश मिळवणे हीच पहिली फेरी

पुण्याची स्पर्धा एटीपी २५० या श्रेणीतील होती. हा आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे क्रमवारी गुण. या श्रेणीतील दुहेरीत सोळा जोड्या असतात. चार जोड्यांना मानांकन मिळते. चार सामने जिंकले, की जेतेपद. पुण्यात स्पर्धा होत असलेल्या काळात उपविजेत्या जोडीतील प्रत्येक खेळाडूला १५०, उपांत्य फेरीत हरलेल्यांना ९० आणि उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्यांना ४५ गुण मिळत. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या खात्यात शून्य.

सोळा हा आकडा दिसतो त्याहून लहान आहे. त्यातील दोन जागा आयोजकांच्या वाइल्ड कार्डसाठी राखीव असतात. उरलेल्या जागांसाठी दोघा साथीदारांची क्रमवारी एकत्र करून यादी लावली जाते. येथे एक मेख आहे. खेळाडूला प्रवेशासाठी दुहेरीची क्रमवारी वापरता येते, तशीच एकेरीचीही. म्हणजे एकेरीत जगात चाळिसावा असलेला खेळाडू, आयुष्यात फारशी दुहेरी खेळला नसला तरी, दुहेरीत नव्वदाव्या क्रमांकावर असलेल्या खेळाडूला मागे टाकून आत येऊ शकतो. आयोजकांना हे हवेच असते. ओळखीचा चेहरा कोर्टवर दोनदा दिसतो.

बालेवाडीच्या पहिल्याच पर्वात याचे ठळक उदाहरण दिसले. जानेवारी २०१८ मध्ये फ्रान्सचा जिल सिमाँ एकेरीत विजेता ठरला. हाच सिमाँ दुहेरीतही पिएर-ह्यूज हर्बर्टच्या साथीने अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता. तेथे नेदरलँड्सच्या रॉबिन हासे आणि मात्वे मिडलकूप यांनी त्यांना ७-६, ७-६ असे रोखले. सिमाँ हा काही दुहेरीचा विशेषज्ञ म्हणून ओळखला जाणारा खेळाडू नव्हे. हर्बर्ट मात्र दुहेरीत ग्रँड स्लॅम जिंकलेला खेळाडू. अशा जोड्यांमध्ये एकाने बेसलाइनवरून परतीचे भेदक फटके मारायचे आणि दुसऱ्याने नेटवर चेंडू संपवायचे, अशी सरळ विभागणी असते.

कोर्टची रुंदीही येथे भूमिका बजावते. एकेरीचे कोर्ट २७ फूट रुंद असते. दुहेरीत दोन्ही कडांच्या साडेचार फुटांच्या पट्ट्या खेळात येतात आणि रुंदी ३६ फूट होते. चार माणसांना ती फार नाही. म्हणूनच दुहेरीत धावण्यापेक्षा अंदाज महत्त्वाचा. सर्व्हिस करणाऱ्याचा साथीदार पाठीमागे बोटांनी खुणा करतो, त्या कुठल्या दिशेला झेपावायचे हे सांगण्यासाठी. कधी तो नेटपाशी मधोमध वाकून बसतो आणि चेंडू पडताक्षणी एका बाजूला उसळतो. परतवणाऱ्याला शेवटपर्यंत मोकळी जागा कोणती ते कळू नये, हा हेतू. एकेरीत पंचविसाव्या फटक्यानंतर मिळणारा गुण दुहेरीत बहुतेकदा चौथ्या-पाचव्या फटक्यातच मिळून जातो.

२०१९ ची भारतीय जोडी या दृष्टीने जुळून आली होती. बोपण्णा उंचापुरा, उजव्या हाताचा, जबरदस्त सर्व्हिसचा. शरण डावखुरा. उजवा-डावा अशा जोडीविरुद्ध प्रत्येक गेममध्ये चेंडूची फिरकी बदलते आणि परतवणाऱ्यांची लय बसत नाही. आधीच्याच वर्षी, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, या दोघांनी सुवर्णपदक जिंकले होते. पुढच्या ऑलिम्पिकवर नजर ठेवून २०१९ च्या हंगामात एकत्र खेळायचे त्यांनी ठरवले आणि पुण्यात पहिल्याच स्पर्धेत त्यांना जेतेपद मिळाले.

तरीही काही महिन्यांतच ही जोडी फुटली. दुहेरीत हे नवे नाही. क्रमवारी जोडीची नसते, प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र असते. मिळवलेले गुण बावन्न आठवडे टिकतात आणि नंतर गळून पडतात. दोन-तीन महिने निकाल लागले नाहीत, की मोठ्या स्पर्धांचे प्रवेश धोक्यात येतात आणि मग दोघेही नवा साथीदार शोधू लागतात. लग्नाळू मंडळींप्रमाणे दुहेरीपटूंचेही निरोप खेळाडूंच्या कक्षात फिरत असतात, असे गमतीने म्हटले जाते. त्यात गमतीचा भाग थोडाच.

घरच्या कोर्टचा हिशेब

भारतातील या स्पर्धेचा प्रवास १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झाला. १९९७ मध्ये ती चेन्नईला गेली आणि २०१७ पर्यंत तेथेच राहिली. दुहेरीशी तिचे नाते तेथेच घट्ट झाले. पेस आणि महेश भूपती यांनी १९९७, १९९८ आणि १९९९ अशी सलग तीन वर्षे आणि पुढे २००२ व २०११ मध्ये चेन्नईत जेतेपद मिळवले. १९९९ मध्ये हीच जोडी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि फ्रेंच ओपन व विम्बल्डन जिंकून आली. चेन्नईतील अखेरच्या म्हणजे २०१७ च्या पर्वात तर दुहेरीचा अंतिम सामना संपूर्ण भारतीय होता. बोपण्णा आणि जीवन नेदुनचेझियन यांनी मुंबईकर पुरव राजा आणि शरण यांना हरवले.

२०१८ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेने ही स्पर्धा पुण्यात आणली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या क्रीडानगरीला त्यामुळे एटीपी टूरच्या नकाशावर जागा मिळाली. करोनामुळे २०२१ चे पर्व झाले नाही. २०१८, २०१९, २०२०, २०२२ आणि २०२३ अशी पाच पर्वे झाली.

या पाच पर्वांचा हिशेब बोलका आहे. एकेरीत एकही भारतीय अंतिम फेरी गाठू शकला नाही. दुहेरीत तीन वेळा भारतीय जोडी अंतिम फेरीत होती आणि दोनदा ती विजेती ठरली. २०१९ नंतर २०२२ मध्ये बोपण्णाने रामकुमार रामनाथनच्या साथीने पुन्हा करंडक उचलला. ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ या अग्रमानांकित ऑस्ट्रेलियन जोडीविरुद्ध पहिला सेट टायब्रेकमध्ये १०-१२ असा हातचा गेला होता. तेथून ६-३ आणि सुपर टायब्रेक १०-६ अशी बाजी उलटवली गेली. रामकुमार हा मूळचा एकेरीतला खेळाडू. त्याच वर्षी जानेवारीत अॅडलेडमध्ये बोपण्णासोबत त्याने आपले पहिले एटीपी जेतेपद मिळवले होते आणि महिनाभरात पुण्यात दुसरे.

२०२३ मध्ये श्रीराम बालाजी आणि जीवन अंतिम फेरीत पोहोचले; बेल्जियमच्या सँडर जिले व जोरान व्लिगेन यांनी त्यांना ६-४, ६-४ असे पराभूत केले. उपविजेतेपद हे हरणेच, असे गुणफलक सांगतो. पण प्रत्येकी १५० गुणांची ही कमाई चॅलेंजर या खालच्या पातळीवर आठवडे घालवूनही सहज होत नाही. त्या पातळीवरील बहुतांश स्पर्धांत जेतेपदालाही १२५ किंवा त्याहून कमी गुण असतात. बालाजी पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बोपण्णाचा साथीदार म्हणून खेळला.

परदेशी खेळाडूंसाठीही ही स्पर्धा उपयोगी ठरली, हे नमूद करायला हवे. २०२० मध्ये स्वीडनचा आंद्रे गोरान्सन आणि इंडोनेशियाचा ख्रिस्तोफर रुंगकट या फारशा चर्चेत नसलेल्या जोडीने इस्रायलचा अनुभवी जोनाथन एर्लिच व बेलारूसचा आंद्रेई वासिलेव्हस्की यांना ६-२, ३-६, १०-८ असे नमवले. त्याच पर्वात पेस ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनसोबत खेळला. हाच एब्डन पुढे बोपण्णाचा साथीदार झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या दोघांनी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. त्या वेळी बोपण्णा ४३ वर्षांचा होता. खुल्या पर्वात पुरुष दुहेरीचे ग्रँड स्लॅम जिंकणारा तो सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला आणि त्याच आठवड्यातील कामगिरीने क्रमवारीत प्रथमच अव्वल स्थानी पोहोचला.

जानेवारीचा पहिला आठवडा

मग अशी स्पर्धा गेली का? पुण्याच्या प्रेक्षकांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. एटीपीच्या वेळापत्रकात पुण्याची जागा अडचणीची होती. २०१८ आणि २०१९ मध्ये ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होती. त्याच आठवड्यात दोहा आणि ब्रिस्बेनच्या स्पर्धा. ऑस्ट्रेलियन ओपनला जाणारा नामवंत खेळाडू ब्रिस्बेनला थेट उतरणे पसंत करतो, नाहीतर दोह्याच्या पैशाकडे वळतो. २०२० आणि २०२२ मध्ये स्पर्धा फेब्रुवारीच्या सुमारास गेली, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन संपल्यावर, जेव्हा खेळाडूंना युरोप, अमेरिका किंवा दक्षिण अमेरिका गाठायची असते. २०२३ मध्ये ती पुन्हा जानेवारीच्या प्रारंभी आली. मोठी नावे नसली, की प्रायोजक हात आखडतात. आणि अशा स्पर्धेचा परवाना यजमान शहराच्या मालकीचा नसतो, तो ठरावीक मुदतीसाठी चालवायला मिळतो. २०२४ पासून वर्षारंभीची ही जागा हाँगकाँगकडे गेली आणि १९९६ पासून चालत आलेली भारतातील एटीपी टूरची मालिका खंडित झाली.

एकेरीत मोठी नावे येत नव्हती, हे खरे. मात्र त्यामुळेच दुहेरीचा प्रवेश भारतीयांना थोडा सुकर होत होता, ही बाब पुरेशी लक्षात घेतली गेली नाही. सोळा जोड्यांच्या सोडतीत वाइल्ड कार्ड आणि क्रमवारी मिळून अनेक भारतीय एकाच आठवड्यात दिसत. विमानभाडे नाही, व्हिसाची धावपळ नाही, मायदेशातले हवामान आणि मराठी, तमिळ, कन्नड अशा भाषांत ओरडणारे प्रेक्षक. दुहेरीतले बक्षीस एकेरीपेक्षा बरेच कमी असते आणि तेही दोघांत वाटून घ्यावे लागते. प्रशिक्षक व फिजिओ यांचा खर्च मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र. शंभराव्या क्रमांकाच्या आसपासच्या दुहेरीपटूला वर्षातला असा एक आठवडा किती मोलाचा असतो, हे यावरून ध्यानात यावे.

याला एक प्रतिवाद आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. भारतात स्पर्धा नसतानाही २०२४ हे वर्ष भारतीय दुहेरीसाठी चांगले गेले. युकी भांब्रीने फ्रान्सच्या अल्बानो ऑलिवेत्तीसह म्युनिक आणि स्टाड येथे जेतेपदे मिळवली. जीवन आणि विजय सुंदर प्रशांत यांनी चीनमध्ये हांगझोऊला बाजी मारली. ऑक्टोबरमध्ये पुण्याचा अर्जुन कढे आणि ऋत्विक बोल्लीपल्ली यांनी कझाकस्तानातील अल्माटी येथे पहिले एटीपी जेतेपद पटकावले. मग घरच्या स्पर्धेवाचून अडते कुठे, असे कोणी विचारू शकेल.

उत्तर त्या नावांतच दडलेले आहे. जीवनला एटीपी टूरवर पहिला मोठा आठवडा मिळाला तो २०१७ मध्ये चेन्नईत. कढेला बालेवाडीत एकाहून अधिक पर्वांमध्ये वाइल्ड कार्ड मिळाले. तेथे तो फार पुढे गेला नाही. परंतु टूरच्या पातळीवरील सर्व्हिस कशी येते, हे त्याला कोर्टवर उभे राहून कळले. २०२४ मध्ये जिंकणारी पिढी घरच्या स्पर्धेत तयार झालेली होती. आज अठरा-एकोणीस वर्षांच्या असलेल्या खेळाडूंना तो आठवडा मिळालेला नाही, आणि त्याचा परिणाम दिसायला आणखी काही वर्षे लागतील. २०२४ च्या यशाने निश्चिंत होणे म्हणून धोक्याचे आहे.

बालेवाडी अगदीच रिकामी राहिली नाही. २०२४ आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तेथे शंभर गुणांच्या श्रेणीची चॅलेंजर स्पर्धा झाली आणि २०२५ मध्ये दुहेरीचे जेतेपद जीवन व प्रशांत यांनीच मिळवले. चॅलेंजर स्पर्धांची संख्या वाढवणे हा तुलनेने कमी खर्चाचा मार्ग आहे आणि संघटनांनी तो धरला हे योग्यच. मात्र शंभर आणि अडीचशे गुणांतला फरक केवळ आकड्यांचा नाही. चॅलेंजरमध्ये भेटणारे प्रतिस्पर्धी हे बहुधा त्याच दारासमोर रांगेत उभे असलेले असतात. दाराच्या आतले खेळाडू कसे खेळतात, ते तेथे कळत नाही.

बोपण्णाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. पेस-भूपतीपासून चालत आलेल्या मालिकेतील, दुहेरीत अव्वल स्थान पाहिलेला तो तिसरा भारतीय पुरुष खेळाडू. कढे आणि बोल्लीपल्ली यांनी अल्माटीत अंतिम सामना जिंकला तो ३-६, ७-६, १४-१२ असा. नेटपलीकडे उभा होता गोरान्सन, बालेवाडीचा २०२० चा विजेता. त्याचा साथीदार होता नेदरलँड्सचा सेम व्हर्बीक.